कागद डेटाबेसच्या आत ठेवावेत की बाहेर? ॲक्सेस वापरणाऱ्यांसाठी कार्यपद्धती

गृहनिर्माण संस्था, वकिलांची कार्यालये, छोटे दवाखाने, ग्रंथालये अशा ठिकाणी मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये बांधलेला डेटाबेस आजही रोजच्या वापरात दिसतो. नावे, पत्ते, रकमा आणि तारखा त्यात व्यवस्थित बसतात. अडचण सुरू होते ती स्कॅन केलेले कागद नोंदींना जोडण्याची वेळ आली की. खरेदीखताची पीडीएफ प्रत डेटाबेसच्या फाइलमध्येच साठवावी, की ती एखाद्या फोल्डरमध्ये राहू द्यावी आणि डेटाबेसमध्ये फक्त तिचा ठावठिकाणा लिहावा, हा निर्णय सुरुवातीला फारसा विचार न करता घेतला जातो आणि काही वर्षांनी तो फिरवायचा म्हटले तर मोठे काम होऊन बसते. माझी शिफारस बहुतेक कार्यालयांसाठी दुसऱ्या पद्धतीची आहे. मात्र ती पद्धत शिस्तीशिवाय टिकत नाही, आणि ही शिस्त माणसांच्या आठवणीवर न सोडता फॉर्ममध्येच कशी बांधायची हे सांगणे हा या लेखाचा मुख्य हेतू आहे. उदाहरणासाठी १२० सदनिकांच्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचे दफ्तर समोर ठेवू.

आत साठवण्याचे दोन मार्ग आणि त्यांची किंमत

ॲक्सेसमध्ये फाइल आत साठवण्याचा जुना मार्ग म्हणजे ओएलई ऑब्जेक्ट प्रकारचे फील्ड, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामची फाइल नोंदीत बसवून ठेवणारा रकाना. या प्रकारात मूळ फाइलबरोबर ती स्क्रीनवर दाखवण्यासाठी लागणारी प्रतिमाही अनेकदा साठवली जाते, आणि ती प्रतिमा दाबून लहान केलेली नसते. याचा परिणाम आकड्यांत पाहिला म्हणजे नीट लक्षात येतो. ए-फोर आकाराचा कागद ३०० डीपीआयवर (इंचामागे ३०० बिंदू) रंगीत स्कॅन केला, तर त्याची प्रतिमा २,४८० गुणिले ३,५०८ पिक्सेलची, म्हणजे सुमारे ८७ लाख पिक्सेलची होते. प्रत्येक पिक्सेलला ३ बाइट धरले, तर न दाबलेली प्रतिमा साधारण २५ एमबी जागा घेते. जेपीईजी स्वरूपात तोच कागद पाऊण-एक एमबीत मावलेला असतो. ॲक्सेसच्या एका डेटाबेस फाइलची कमाल मर्यादा २ जीबी असल्यामुळे, अशा जेमतेम ८० कागदांत डेटाबेस भरून जाऊ शकतो. नव्या कामासाठी हा प्रकार वापरू नये, असेच मी म्हणेन.

दुसरा मार्ग म्हणजे अटॅचमेंट फील्ड. हे ॲक्सेस २००७ मध्ये एसीसीडीबी या नव्या फाइल-स्वरूपाबरोबर आले आणि ओएलईपेक्षा ते निःसंशय चांगले आहे. यात प्रतिमेची वेगळी प्रत तयार होत नाही, फाइल आधीच दाबलेली नसेल तर ॲक्सेस ती स्वतः दाबून ठेवतो, आणि एका नोंदीला अनेक फाइली जोडता येतात. एका फाइलची मर्यादा २५६ एमबी आहे, जी दफ्तरातल्या कागदांना पुरून उरते. तरीही २ जीबीची एकूण मर्यादा तशीच राहते, कारण अटॅचमेंट शेवटी त्याच डेटाबेस फाइलमध्ये असतात. आपल्या संस्थेत दर सदनिकेमागे खरेदीखत, इंडेक्स टू, भाग दाखला, नामनिर्देशनपत्र, भाडेकरूचा करारनामा, दुरुस्तीचे अर्ज असे सरासरी १५ कागद धरले, तर १,८०० दस्तऐवज होतात. प्रत्येकी सव्वा एमबी धरल्यास २,२५० एमबी. म्हणजे जुने दफ्तर पूर्ण स्कॅन होण्याआधीच मर्यादा ओलांडली जाते, आणि पुढच्या वर्षांच्या कागदांचा तर अजून विचारच झालेला नाही. मर्यादेच्या बरेच आधीही डेटाबेस जड होतो: रोजचा बॅकअप लांबतो, कॉम्पॅक्ट अँड रिपेअर (फाइलमधली वाया गेलेली जागा काढून ती दुरुस्त करणे) करायला वेळ लागतो, आणि ती एक फाइल बिघडली तर नोंदी आणि कागद दोन्ही एकदम धोक्यात येतात.

आणखी एक अडचण सहसा उशिरा लक्षात येते. अटॅचमेंट हे एकाच नोंदीत अनेक मूल्ये ठेवणारे फील्ड आहे, त्यामुळे त्याचा समावेश असलेली अपेंड क्वेरी (एका टेबलमधील नोंदी दुसऱ्यात भरणारी आज्ञा) चालत नाही. आणि एकदा फील्डचा प्रकार अटॅचमेंट ठरवला की तो बदलून दुसरा करता येत नाही. उद्या संस्थेचा डेटाबेस मोठा होऊन एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्याच मोठ्या डेटाबेस प्रणालीवर हलवायचा ठरला, तर बाकी टेबले जातील आणि अटॅचमेंट मागे राहतील, त्यांच्यासाठी वेगळा प्रोग्राम लिहावा लागेल.

आत साठवणे योग्य कधी ठरते, हेही सांगायला हवे. फाइली लहान आणि मोजक्या असतील, त्या कधी बदलत नसतील आणि नोंदीपासून त्या सुट्या पडल्या तर नोंदीलाच अर्थ उरत नसेल, तर त्या आतच असाव्यात. सदस्याचा पासपोर्ट आकाराचा फोटो आणि सहीचा नमुना ही अशी उदाहरणे आहेत. प्रत्येकी ३० केबी धरले तरी १२० सदस्यांचे मिळून सात-आठ एमबीच होतात. तसेच एकच माणूस एकाच लॅपटॉपवर काम करत असेल आणि सगळा डेटाबेस एक फाइल म्हणून पेन ड्राइव्हवर नेण्याची त्याला गरज असेल, तर अटॅचमेंटची सोय मोठी आहे. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात २००६ साली जिम ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एसक्यूएल सर्व्हर आणि एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टम, म्हणजे डिस्कवर फाइली ठेवण्याची व्यवस्था) यांची तुलना केली होती. त्यातही २५६ केबीपेक्षा लहान वस्तू डेटाबेसमध्ये आणि १ एमबीपेक्षा मोठ्या वस्तू फाइल सिस्टममध्ये अधिक चांगल्या हाताळल्या जातात, असे दिसले. ॲक्सेसचे इंजिन वेगळे असल्यामुळे हे आकडे जसेच्या तसे लागू करू नयेत, पण दिशा तीच आहे. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेस इंजिनवर आधारलेले डेटाबेस वापरणाऱ्यांनी मात्र २ जीबीच्या भीतीने निर्णय घेऊ नये. तिथे ती अडचण नाही, आणि लहान फाइली आत ठेवल्यास वाचन बाहेरच्यापेक्षा वेगवानही होऊ शकते.

झोटेरो या संदर्भ-व्यवस्थापनाच्या प्रोग्रामची रचना या बाबतीत पाहण्यासारखी आहे. लेखक, शीर्षक, वर्ष ही माहिती तो एसक्यूलाइटच्या एका फाइलमध्ये ठेवतो. पीडीएफ मात्र त्याच्या शेजारच्या फोल्डरमध्ये असतात, आणि तिथे प्रत्येक जोडणीसाठी आठ अक्षरी सांकेतिक नावाचा उपफोल्डर असतो. फाइल कुठे आहे याची काळजी वापरणाऱ्याने करायची नसते, कारण ती प्रोग्रामने स्वतः तिथे नेऊन ठेवलेली असते. आपल्यालाही हेच साधायचे आहे.

टेबल कसे आखावे

दस्तऐवजांसाठी स्वतंत्र टेबल करावे. सदस्यांच्या टेबलमध्येच ‘खरेदीखत’, ‘भाग दाखला’ अशी फील्डे वाढवत नेली, तर ज्या दिवशी एखाद्या सदस्याचे दुसरे नामनिर्देशनपत्र येते त्या दिवशी रचना मोडते. दस्तऐवजांच्या टेबलमध्ये ऑटोनंबर प्रकारचा (ॲक्सेस आपोआप देतो तो) दस्तऐवज क्रमांक, सदस्य क्रमांक, दस्तऐवजाचा प्रकार, मराठीत लिहिलेले शीर्षक, कागदावरची तारीख, नोंद करणाऱ्याचे नाव, फाइलचे नाव आणि तिचा आकार बाइटमध्ये, एवढी फील्डे पुरेशी आहेत. फाइलचे नाव ठेवण्यासाठी शॉर्ट टेक्स्ट प्रकार घ्यावा, त्यात २५५ अक्षरे मावतात.

या ठिकाणी हायपरलिंक प्रकारचे फील्ड घेण्याचा मोह होतो, कारण त्यावर क्लिक केले की फाइल आपोआप उघडते. तरी ते टाळावे. हायपरलिंक फील्ड दिसणारा मजकूर, पत्ता आणि उपपत्ता हे तिन्ही एकाच ओळीत हॅश (#) चिन्हाने वेगळे करून साठवते. त्यामुळे फाइलच्या नावात हॅश आला, आणि सदनिका क्रमांकाआधी हॅश लिहिण्याची सवय आपल्याकडे बऱ्याच जणांना असते, तर पत्ता मध्येच तुटतो. शिवाय असे फील्ड क्वेरीत वापरताना त्यातला पत्ता दर वेळी वेगळा काढावा लागतो. साध्या मजकुराच्या फील्डमध्ये नाव ठेवून फॉर्मवरच्या बटणातून फॉलोहायपरलिंक ही आज्ञा वापरली, तर उघडण्याची सोय तीच मिळते आणि साठवण स्वच्छ राहते.

फाइलचा पूर्ण पाथ (ड्राइव्हपासून फाइलपर्यंतचा पत्ता) मात्र टेबलमध्ये लिहू नये. दस्तऐवजांच्या मुख्य फोल्डरचा पत्ता सेटिंगच्या वेगळ्या टेबलमध्ये एकदाच लिहावा आणि प्रत्येक नोंदीत त्या फोल्डरच्या आतला भाग तेवढा ठेवावा. असे केल्यास संगणक बदलला, हार्ड डिस्क बदलली किंवा फोल्डर सर्व्हरवर गेला, तरी एक ओळ दुरुस्त करून काम भागते. मुख्य फोल्डर नेटवर्कवर असेल, तर तो पत्ता झेड किंवा वाय अशा ड्राइव्हच्या अक्षराने लिहू नये. एका टेबलावरच्या संगणकात झेड असलेला ड्राइव्ह शेजारच्या संगणकात वाय असू शकतो, आणि मग एकाला उघडणारा कागद दुसऱ्याला उघडत नाही. दोन उलट्या तिरक्या रेघांनी सुरू होणारा, सर्व्हरचे नाव आणि शेअर केलेल्या फोल्डरचे नाव असलेला नेटवर्क पत्ता सर्व संगणकांवर सारखाच राहतो.

फाइलचे नाव: मराठी लिहिणाऱ्यांनी येथे थांबून वाचावे

फाइलला ‘जोशी खरेदीखत नवीन अंतिम’ असे नाव देण्याची रीत सर्वत्र आहे, आणि डेटाबेसशी जोडलेल्या फाइलींसाठी ती घातक आहे. अर्थ सांगणारे नाव अर्थ बदलला की बदलावेसे वाटते: सदनिका विकली जाते, सदस्याचे नाव दुरुस्त होते, कोणीतरी फाइलचे नाव ‘नीट’ करतो आणि दुवा तुटतो. नावाने काहीच सांगू नये. सांगण्याचे काम डेटाबेसमधील शीर्षक, प्रकार आणि तारीख या फील्डांचे आहे. दस्तऐवज क्रमांक सहा आकडी करून त्यालाच फाइलचे नाव बनवावे, म्हणजे ४१७ क्रमांकाच्या दस्तऐवजाची फाइल शून्य-शून्य-शून्य-चार-एक-सात या नावाची पीडीएफ असेल. उपफोल्डर करायचे असतील, तर नोंद केलेल्या वर्षाचे करावेत, कारण ते वर्ष पुढे कधीच बदलत नाही. पाथ आटोपशीर राहतो हा आणखी एक फायदा, कारण विंडोजमध्ये अनेक प्रोग्राम अजूनही २६० अक्षरांपलीकडचा पाथ उघडत नाहीत.

देवनागरी नावांच्या बाबतीत याहून गंभीर कारण आहे. ॲक्सेसमधील व्हीबीए भाषेची फाइल शोधणारी ‘डिर’, प्रत काढणारी ‘फाइलकॉपी’ आणि पुसणारी ‘किल’ ही जुनी फंक्शने फाइलचे नाव युनिकोडमधून (सर्व लिप्या सामावणारी अक्षरसंकेतांची पद्धत) विंडोजच्या जुन्या कोडपेजमध्ये (एकेका भाषेसाठीचा मर्यादित अक्षरसंच) बदलून घेतात. मराठी आणि हिंदीसाठी असे कोडपेज विंडोजमध्ये नाही, त्यामुळे देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात आणि समोर दिसणारी फाइल ‘सापडत नाही’ असा निरोप मिळतो. या फंक्शनांऐवजी विंडोजमधील फाइलसिस्टमऑब्जेक्ट हे फाइली हाताळणारे साधन वापरल्यास देवनागरी नावे बरोबर हाताळली जातात. स्कॅनरवरून आलेल्या मूळ फाइलचे नाव मराठीत असण्याची शक्यता असल्यामुळे प्रत काढण्यासाठी तर तेच वापरावे. त्यातच आणखी एक बारकावा असा की ‘ऱ’ हे अक्षर एकाच संकेताने किंवा र आणि नुक्ता (अक्षराखालचे टिंब) अशा दोन संकेतांनी लिहिले जाऊ शकते. डोळ्यांना ‘गोऱ्हे’ हे नाव दोन्हीकडे सारखेच दिसते, पण विंडोजच्या लेखी ती दोन वेगळी नावे असतात. आकड्यांचे नाव ठेवले की हे सगळे प्रश्न मुळातच संपतात, आणि मराठी शीर्षक डेटाबेसमध्ये पूर्ण मोकळेपणाने लिहिता येते.

फॉर्मवरील बटणाने काय करावे

फाइल हाताने फोल्डरमध्ये टाकायची आणि मग तिचे नाव फॉर्ममध्ये टंकित करायचे, अशी पद्धत ठेवली तर ती काही दिवसच पाळली जाते. म्हणून फॉर्मवर ‘कागद जोडा’ असे एकच बटण असावे आणि पुढचे सर्व काम त्या बटणाने करावे. बटण दाबल्यावर फाइल निवडण्याची खिडकी उघडते; निवड झाल्यावर प्रोग्राम नव्या नोंदीचा ऑटोनंबर घेतो, त्यावरून फाइलचे नाव तयार करतो, मुख्य फोल्डरमधील चालू वर्षाच्या उपफोल्डरमध्ये फाइलची प्रत नेतो, प्रतीचा आकार मूळ फाइलशी जुळतो की नाही ते पाहतो आणि त्यानंतरच नोंद जतन करतो.

हा क्रम उलटा करू नये. आधी नोंद जतन झाली आणि प्रत काढताना नेटवर्क तुटले, तर डेटाबेसमध्ये अशी नोंद राहते जिचा कागदच अस्तित्वात नाही, आणि ती लक्षात येते ती कागदाची नेमकी गरज पडल्यावर. आधी प्रत निघाली आणि नोंद जतन झाली नाही, तर फोल्डरमध्ये एक अनाथ फाइल उरते. तिने काही नुकसान होत नाही आणि पुढच्या तपासणीत ती सापडते.

नोंद रद्द करतानाही फाइल लगेच पुसू नये. टेबलमध्ये ‘रद्द’ असे होय-नाही प्रकारचे फील्ड ठेवून ती नोंद यादीतून वगळावी, आणि फाइल जागेवरच राहू द्यावी. सदस्याने दुरुस्त केलेला कागद आणला, तर जुन्या फाइलवर नवी फाइल न लिहिता नवा क्रमांक देऊन नवी नोंद करावी. एकदा ठेवलेली फाइल कधी बदलायची नाही आणि कधी पुसायची नाही, हा नियम पाळला की बॅकअपचे काम किती सोपे होते ते पुढे दिसेल.

फोल्डरच्या परवानग्यांचा विचार येथेच करावा. आधार आणि पॅन कार्डांच्या प्रती ज्या फोल्डरमध्ये आहेत, तो नेटवर्कवर सर्वांना खुला असेल, तर डेटाबेसला पासवर्ड लावून काही साधत नाही, कारण फाइल एक्सप्लोररमधून कोणीही ते कागद उघडू शकतो. आत साठवण्याच्या पद्धतीचा हा एक खरा फायदा आहे: एसीसीडीबी फाइल पासवर्ड लावून एन्क्रिप्ट केली की आतले अटॅचमेंटही एन्क्रिप्ट होतात. बाहेर ठेवणाऱ्यांनी त्या शेअरवर फक्त संबंधित कर्मचाऱ्यांनाच प्रवेश द्यावा आणि डिस्क विंडोजमधील बिटलॉकरने एन्क्रिप्ट (सांकेतिक रूपात बंद) करावी.

तपासणी आणि बॅकअप

महिन्यातून एकदा दोन याद्या जुळवाव्यात. फोल्डरमधील सर्व फाइलींची नावे फाइलसिस्टमऑब्जेक्टने एका तात्पुरत्या टेबलमध्ये भरून घ्यावीत आणि ॲक्सेसमधील फाइंड अनमॅच्ड क्वेरी विझार्ड दोन्ही बाजूंनी चालवावा. एका बाजूने फाइल नसलेल्या नोंदी मिळतात, दुसऱ्या बाजूने नोंद नसलेल्या फाइली. पहिल्या यादीत एक जरी ओळ आली तरी त्याच दिवशी बॅकअपमधून ती फाइल परत आणावी. दुसऱ्या यादीची घाई नाही.

बॅकअप घेताना आधी डेटाबेसची प्रत घ्यावी आणि नंतर फोल्डरची. फाइली बदलत किंवा पुसल्या जात नसल्यामुळे, डेटाबेसच्या प्रतीत जेवढ्या नोंदी आहेत त्या सगळ्यांचे कागद नंतर घेतलेल्या फोल्डरच्या प्रतीत नक्की असतात. क्रम उलटला, तर दोन प्रतींच्या मधल्या काळात जोडलेल्या कागदांच्या नोंदी येतात आणि फाइली राहून जातात. फोल्डरसाठी विंडोजमधील रोबोकॉपी (फाइलींच्या प्रती काढणारा प्रोग्राम) चांगले चालते, कारण ते फक्त नव्या आणि बदललेल्या फाइली नेते. मात्र त्यातील मिरर हा पर्याय वापरू नये, कारण मूळ फोल्डरमधून चुकून पुसलेली फाइल तो बॅकअपमधूनही पुसतो. वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हसारख्या सेवेत दस्तऐवजांचा फोल्डर ठेवायला हरकत नाही, पण चालू असलेली डेटाबेस फाइल अशा सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवू नये. अनेकजण वापरत असलेली फाइल अर्धवट स्थितीत सिंक होऊन बिघडते.

आधीच आत असलेले अटॅचमेंट बाहेर काढणे

ज्यांचा डेटाबेस फुगत चालला आहे त्यांनी प्रथम सर्वांना बाहेर पडायला सांगून डेटाबेसची पूर्ण प्रत काढावी आणि पुढचे काम त्या प्रतीवरच करून पाहावे. व्हीबीएमध्ये मूळ टेबलचा रेकॉर्डसेट (प्रोग्रामला वाचता येणारा नोंदींचा संच) उघडल्यावर अटॅचमेंट फील्डचे मूल्य हा स्वतःच एक लहान रेकॉर्डसेट असतो. त्यात फाइलनेम, फाइलटाइप आणि फाइलडेटा ही फील्डे असतात, आणि फाइलडेटावर सेव्हटूफाइल ही आज्ञा चालवली की फाइल डिस्कवर उतरते. वेगवेगळ्या सदस्यांच्या नोंदींत स्कॅनरने दिलेले एकच नाव पुन्हापुन्हा आलेले असते, आणि त्या नावाची फाइल आधीपासून असेल तर सेव्हटूफाइल चूक दाखवून थांबते. म्हणून बाहेर काढतानाच दस्तऐवजांच्या टेबलमध्ये नवी नोंद तयार करून तिच्या क्रमांकाचे नाव द्यावे आणि जुने नाव शीर्षकात ठेवावे.

सगळ्या फाइली उतरल्यावर अटॅचमेंटची एकूण संख्या, नव्या टेबलमधील नोंदींची संख्या आणि फोल्डरमधील फाइलींची संख्या हे तिन्ही आकडे सारखे आहेत का ते पाहावे, आणि शून्य बाइटची एकही फाइल नाही याची खात्री करावी. त्यानंतर निरनिराळ्या सदस्यांचे काही कागद प्रत्यक्ष उघडून पाहावेत, विशेषतः अनेक पानांची खरेदीखते शेवटच्या पानापर्यंत. हे जुळल्यावर हीच कृती मूळ डेटाबेसवर करावी, जुन्या फॉर्मवरील अटॅचमेंटचा भाग काढून त्या जागी ‘कागद जोडा’ आणि ‘कागद उघडा’ ही बटणे आणावीत, आणि मग अटॅचमेंट फील्ड पुसावे. फील्ड पुसल्याने फाइलचा आकार लगेच कमी होत नाही. त्यासाठी कॉम्पॅक्ट अँड रिपेअर चालवावे लागते. बदलाआधी काढलेली पूर्ण प्रत मात्र निदान पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेपर्यंत वेगळ्या डिस्कवर जपून ठेवावी, कारण हस्तांतरण, थकबाकी आणि नामनिर्देशनाच्या निमित्ताने बहुतेक जुने कागद तोवर एकदा तरी उघडले जातात.